नळीवाटे भरवलेला घास

बाळाचे उष्टावण हा आपल्याकडे घरचा सोहळा. मामाच्या मांडीवर बसलेले बाळ, चांदीच्या वाटीतली खीर आणि पुढची दोन वर्षे चिऊ-काऊच्या नावाने भरवलेले घास. काही घरांत मात्र वाटीच्या जागी मापाचा पेला असतो, चमच्याच्या जागी 50 मिलिलिटरची सिरिंज असते, आणि घास तोंडातून न जाता नळीवाटे थेट जठरात उतरतो. सेरेब्रल पाल्सी, अन्ननलिकेतील जन्मजात दोष किंवा चेतासंस्थेचे गंभीर विकार असलेल्या काही मुलांना सुरक्षितपणे गिळता येत नाही. अन्न श्वासनलिकेत उतरून वारंवार न्यूमोनिया होतो, वजन वाढत नाही, आणि एक दिवस डॉक्टर नळीचा विषय काढतात. पालकांना तो पराभव वाटतो. पुष्कळदा मुलाचे वजन मात्र त्यानंतरच वाढू लागते.

नाकातून जाणारी नळी, म्हणजे आपल्या रुग्णालयांतून सर्वपरिचित असलेली राइल्स ट्यूब, ही अल्पकाळची सोय होय. महिना-दीड महिन्याहून अधिक काळ गरज भासेल असे दिसल्यास पोटावर छोटे छिद्र करून जठरात नळी बसवण्याचा, म्हणजेच गॅस्ट्रोस्टोमीचा विचार केला जातो. पोट न उघडता दुर्बिणीच्या साहाय्याने ती बसवण्याची रीत मायकेल गॉडरर आणि जेफ्री पॉन्स्की यांनी 1979 मध्ये अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे प्रथम वापरली. पहिला रुग्ण होता काही महिन्यांचे एक बाळ.

नळी बसली की घरी हिशेब सुरू होतो. समजा, आहारतज्ज्ञांनी मुलाला दिवसाला 900 कॅलरी सांगितल्या. पोषण पावडरीच्या 100 ग्रॅममध्ये साधारणतः 450 कॅलरी असतात. म्हणजे दिवसाला 200 ग्रॅम, 400 ग्रॅमचा डबा दोन दिवसांत रिकामा आणि महिन्याला पंधरा डबे. डब्यावरील छापील किमतीला पंधराने गुणून पाहिले की मध्यमवर्गीय पगारदाराच्या कपाळावर आठी का पडते, ते वेगळे सांगावे लागत नाही. वाढत्या वयाबरोबर हा आकडाही वाढत जातो. शिवाय सिरिंज आणि चिकटपट्ट्या यांचा किरकोळ वाटणारा खर्च महिनाअखेरीस किरकोळ राहत नाही.

याच टप्प्यावर अनेक घरांत एक चूक होते. डबा पुरवून वापरण्यासाठी पावडर पातळ केली जाते, किंवा तिच्याऐवजी डाळीचे वरचे पाणी आणि भाताची पेज दिली जाते. पोट भरते, पण कॅलरी पोहोचत नाहीत. काटकसर करावयाचीच तर ती आहारतज्ज्ञांना विचारून करावी. निम्म्या कॅलरी घरच्या अन्नातून देता आल्या, तर पंधरा डब्यांचे सात-आठ होतात, आणि हे अनेक मुलांच्या बाबतीत शक्य असते. मऊ शिजवलेली खिचडी, दूध, केळे, अंडे हे मिक्सरमधून काढून बारीक गाळणीने गाळले जाते. चमचाभर तेलाने आकारमान फारसे न वाढता चाळीसेक कॅलरींची भर पडते. मोड आणलेल्या नाचणीचे वा गव्हाचे पीठ तर येथे फारच उपयोगी. मोड येताना धान्यात तयार होणारे विकर खळीसारखा घट्टपणा मोडते, त्यामुळे तेवढ्याच पेजेत अधिक पीठ मावते आणि तरीही ती नळीतून वाहते. बडोद्याच्या विद्यापीठात डॉ. तारा गोपालदास यांनी बालआहारासाठी याच गुणधर्मावर संशोधन केले. आपल्या आजीबाईंच्या नाचणी सत्त्वामागे शास्त्र होते, ते असे.

पथ्येही आहेत. नाकातील बारीक नळीत घरचे अन्न लवकर अडकते. पोटावरची रुंद नळी त्यासाठी बरी. प्रत्येक वेळी अन्नापूर्वी व नंतर पाणी सोडावे, औषधे अन्नात न मिसळता स्वतंत्र द्यावीत, मुलाचे डोके उंच ठेवावे आणि उरलेले अन्न बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये. नाकातील नळी जागेवर आहे की नाही, हे हवा मारून आवाज ऐकण्याने खात्रीने कळत नाही. परिचारिकेकडून योग्य रीत शिकून घ्यावी. केवळ घरच्या अन्नावर मूल ठेवल्यास जीवनसत्त्वे व क्षार कमी पडू शकतात, म्हणून वजनाची नियमित नोंद आणि आहारतज्ज्ञांची भेट टाळू नये.

पोटावरची नळी निसटली तर छिद्र काही तासांतच आकसू लागते. तेव्हा एक जादा नळी घरात हवीच. फुग्याच्या आधारे बसणारे बटण काही महिन्यांनी बदलावे लागते. हा खर्च एकरकमी येतो, पण अनपेक्षित नसतो. त्यासाठी लहानशी आवर्ती ठेव उघडणे हा सर्वांत साधा उपाय.

साहाय्याच्या वाटा ठाऊक असूनही अनेकदा अपंगत्वाच्या प्रमाणपत्राअभावी बंद राहतात. म्हणून ते प्रथम काढावे. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांना अल्प शुल्कात वर्षाला 1 लाख रुपयांपर्यंत विमासंरक्षण मिळते. आजार जुना आहे म्हणून नाकारले जात नाही आणि पूर्वतपासणीही लागत नाही. पोषण पावडर त्यात बसेलच असे नाही, परंतु औषधे व उपचारांचा भार हलका झाला तरी डब्यांसाठी पैसा उरतो. 1961 च्या आयकर कायद्यात 80डीडी या कलमाने ओळखली जाणारी वजावट जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांसाठी आहे: 40 टक्के वा अधिक अपंगत्वास 75,000 रुपये, 80 टक्के वा अधिक असल्यास 1,25,000 रुपये. प्रत्यक्ष खर्च कमी असला तरी ती पूर्ण मिळते. 20 टक्क्यांच्या टप्प्यातील पालकाचे 75,000 रुपयांवर, उपकर सोडून, 15,000 रुपये वाचतात. नवी प्रणाली निवडण्यापूर्वी हा आकडा मांडून पाहावा.

या साऱ्या धावपळीत मुलाची जीभ मात्र विसरली जाते. गिळण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञांनी अनुमती दिली असेल, तर पोटात नळीने अन्न जात असताना ओठांना थोडी चव देता येते. पाडव्याला बोटाच्या टोकावर घेतलेले श्रीखंड अनेक घरांत आवर्जून लावले जाते.