३८ भारी की ७१?

३८ किलो जास्त की ७१ किलो, असा प्रश्न तुम्हांला कोणी विचारला तर तुम्ही हसाल. पण वजनाच्या जुन्या यंत्राला दिव्यांच्या आकड्यांची पाटी जोडली की कधी कधी उलटाच प्रकार दिसतो. ७१ किलोचे गृहस्थ उभे राहिले की आकडा लख्ख उमटतो आणि ३८ किलोचा मुलगा उभा राहिला की दिवे मिणमिणू लागतात. असे का व्हावे?

आधी यंत्राची ओळख करून घेऊ. पूर्वी आपल्या रेल्वे स्थानकांच्या फलाटांवर नाणे टाकून वजन सांगणारी उंच यंत्रे असत. धुळ्याहून मुंबईला जाताना बहुतेकांना चाळीसगावला गाडी बदलावी लागे. जळगाव, भुसावळलाही गाडीची वाट पाहण्यात बराच वेळ जाई. घरातल्या थोरांना विचारा, लुकलुकणारे रंगीत दिवे, गरगरणारी चकती आणि खट्‌कन पडणारे पुठ्ठ्याचे तिकीट यांची आठवण कोणाला तरी नक्की असेल. तिकिटाच्या एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य! वजन विज्ञानाचे आणि भविष्य गमतीचे, एवढा फरक लक्षात ठेवला म्हणजे झाले.

नाण्याने यंत्र चालवण्याची युक्ती फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने देवळातल्या पवित्र पाण्यासाठी असे यंत्र वर्णिले आहे. नाणे तरफेच्या टोकावर पडे, तरफ कलली की झडप उघडे, आणि नाणे घसरून खाली पडले की झडप मिटे. विजेच्या यंत्रात झडपेच्या जागी स्विच आला, एवढेच.

आता समजा, असे एक जुने यंत्र तुमच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी मिळाले आहे. त्यात एककाचे एक आणि दशकाचे एक अशी आकड्यांची दोन चाके आहेत. तरफा व स्प्रिंग यांच्यामुळे ती वजनानुसार फिरतात. त्याच्या जोडीला भंगारातून याहूनही जुनी, एखाद्या धावफलकावरची पाटी मिळाली आहे. जिनिंगच्या आवारात कापसाची गाडी काट्यावर चढली की जे लाल आकडे पेटतात, ते एलईडीचे. आपल्या पाटीत मात्र तंतूचे बल्ब आहेत, रेडिओच्या तबकडीमागे असत तसे. प्रत्येकावर ६.३ व्होल्ट, ०.१५ अँपिअर असे छापलेले आहे.

एका आकड्यासाठी सात दांड्या आणि प्रत्येक दांडीमागे एक बल्ब. पाटीवरचे आकडे इंग्रजी वळणाचे असतात, कारण आपल्या देवनागरी आकड्यांची गोलाई या सरळ दांड्यांत नीट बसत नाही. इंग्रजी वळणाच्या एकाला दोन दांड्या लागतात, साताला तीन, तिनाला पाच आणि आठाला साती. आता कोड्याचे उत्तर तुम्हीच काढू शकाल. ७१ साठी ३ + २ = ५ बल्ब, म्हणजे ०.७५ अँपिअर. ३८ साठी ५ + ७ = १२ बल्ब, म्हणजे १.८ अँपिअर! वीजपुरवठा १ अँपिअरचाच असेल तर ७१ ला तो पुरतो आणि ३८ ला धापा टाकतो. म्हणून हिशेब नेहमी सर्वांत खादाड आकड्याचा करावा. ८८ ला १४ बल्ब, २.१ अँपिअर. शतकाच्या घरात एकच अंक हवा असेल तर आणखी दोन बल्ब धरा.

तरी एक फट राहतेच. या बल्बचा रोध ओहमच्या नियमाने ६.३ भागिले ०.१५, म्हणजे ४२ ओहम. पण मल्टिमीटरने थंड बल्ब मोजून पाहा. काटा ४२ च्या जवळपासही जाणार नाही, साधारण त्याच्या दशांशावर थांबेल. ओहम चुकला नाही. तंतू तापला की त्याचा रोध वाढतो, आणि ४२ हा पेटलेल्या तंतूचा रोध आहे. म्हणून पेटण्याच्या क्षणी बल्ब नेहमीच्या कितीतरी पट प्रवाह ओढतो. ६ व्होल्टची शिसे-आम्लाची बॅटरी हा झटका सहज सोसते, लहानसा अ‍ॅडॉप्टर मात्र गांगरतो. बॅटरीच्या तारेत ३ अँपिअरची, क्षणिक झटका सोसणारी वितळतार घालायला विसरू नका. बॅटरीची टोके चुकून एकमेकांना चिकटली तर तार लालबुंद होते.

आता चाक आणि पाटी जोडायची. प्रत्येक चाकाशेजारी दहा स्पर्शक बसवा, एकेका अंकाचा एकेक. चाकावरची पितळी पट्टी ज्या स्पर्शकासमोर येईल त्याला बॅटरीचे धन टोक मिळेल. बल्बांची दुसरी टोके एकत्र करून ऋण टोकाला. मग एकाच्या स्पर्शकापासून दोन बल्बांना तारा, साताच्या स्पर्शकापासून तीन बल्बांना, असे करत गेले की झाले, असे तुम्हांला वाटेल. तसे करून बघा. कोणताही अंक निवडा, पाटीवर आठच दिसेल!

याचे कारण असे. एकाच्या स्पर्शकातून वीज उजव्या दोन दांड्यांना जाते. पण त्याच दांड्यांना साताच्या स्पर्शकाची तारही जोडलेली आहे. वीज त्या तारेने उलटी मागे जाते आणि तिथून वरच्या दांडीत शिरते. तिथून आणखी कुठे, असे करत साती दिवे पेटतात. यावर उपाय म्हणजे प्रत्येक तारेत एक डायोड. डायोड हा एकमार्गी रस्ता आहे, वीज पुढे जाईल, मागे येणार नाही. शून्यापासून नवापर्यंतच्या दांड्यांची बेरीज ४९ येते (सहाला व नवाला शेपटी धरून), तेव्हा एका अंकाला ४९ डायोड लागतील. १एन ४००७ जातीचा डायोड १ अँपिअरपर्यंत प्रवाह सोसतो, त्यामुळे एका बल्बला तो भरपूर आहे. डायोडमध्ये सुमारे ०.७ व्होल्ट खर्ची पडतात आणि बल्बला सव्वापाचाच्या आसपासच मिळतात. प्रकाश किंचित पिवळा पडतो, पण त्या बदल्यात बल्बचे आयुष्य बरेच वाढते. जुने बल्ब सहजी मिळत नाहीत, तेव्हा हा सौदा मला तरी फायद्याचा वाटतो.

सर्वांत नाजूक गोष्ट वेगळीच आहे. स्पर्शक चाकाला सतत घासत राहिले तर घर्षणाने चाक अलीकडेच अडेल, आणि आकडे कितीही झळझळीत असले तरी वजन खोटे! म्हणून स्पर्शक एरवी चाकापासून दूर ठेवायचे. नाणे पडले की यंत्राची मोटर तिकीट चाकावर दाबते. त्याच दांड्याने स्पर्शकही दाबले जातील अशी योजना करा. तोवर चाक स्थिरावलेले असते. वजन आधी ठरते, मग वाचले जाते, आणि नाण्याशिवाय बॅटरीही खर्च होत नाही.

ही मोटर घरातल्या २३० व्होल्टवर चालते. तिच्या तारांना तुम्ही हात लावायचा नाही, ते काम जाणत्या वायरमनचे. पाटीच्या तारा त्या तारांपासून वेगळ्या, दूरच्या बाजूने न्या. वजन करणारा माणूस लोखंडी पायरीवर उभा असतो, पुष्कळदा अनवाणी, पावसाळ्यात ओल्या पायांनी. आत एक तार सुटून पत्र्याला टेकली तर ती वीज त्याच्या अंगातून जमिनीत जाईल. म्हणून पत्र्याच्या पेटीला तीन पिनी प्लगातून अर्थिंग मिळाले आहे की नाही, हे वायरमनकडून तपासून घेतल्याशिवाय कोणालाही पायरीवर चढू देऊ नका.

पहिली चाचणी मोटर बंद ठेवून, प्लग काढून करा. स्पर्शक हाताने दाबा आणि दोन्ही चाके आठावर आणा. चौदाही दिवे सारखे पेटले तर पुरवठा पुरेसा आहे. मग दोन्ही चाके एकावर आणा. चारांखेरीज पाचवा दिवा उजळला, तर एखादा डायोड उलटा जोडला गेला आहे किंवा निकामी झाला आहे. तो दिवा कोणत्या दांडीचा ते पाहा, म्हणजे ४९ पैकी कुठे शोधायचे ते कळेल.