उणे पाणी आणि शाळेतला निबंध

उन्हाळा तापला की सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात एसटीत, पारावर, चहाच्या टपरीवर एकच चौकशी असते, ‘उजनी मायनसमध्ये गेलं का?’ याच तालुक्यातली सहावीची मुलं गणिताच्या तासाला उणे संख्या शिकतात, पण उदाहरण बहुधा लेहच्या थंडीचं असतं. मराठीच्या तासाला त्यांना ‘पाण्याचे महत्त्व’ हा निबंध मिळतो आणि तो ‘पाणी म्हणजे जीवन’ इथून सुरू होतो. उजनी धरण मात्र दोन्ही वह्यांत कुठेच नसतं. यामागे काही समज आहेत, आणि ते चांगले मुरलेले आहेत.

‘निबंध हे मराठीचं काम. गणिताला उत्तर आलं की झालं.’

2024च्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे 60 टक्क्यांच्या आसपास गेला होता. हा आकडा ऐकून धरण कोरडं पडलं असं समजणारी मोठी माणसंही होती. प्रत्यक्षात उजनीत सुमारे 117 टीएमसी पाणी मावतं. त्यातलं 63.66 टीएमसी तळाच्या मृत साठ्यात धरलं जातं आणि उपयुक्त साठा 53.57 टीएमसी आहे. म्हणजे तळाचा हिस्सा वरच्यापेक्षा मोठा. टक्केवारी मोजतात ती फक्त उपयुक्त साठ्यावर, आणि शून्य मांडलंय ते मृत साठा संपून उपयुक्त साठा जिथे सुरू होतो तिथे. 53.57चे 60 टक्के म्हणजे साधारण 32 टीएमसी. तेवढं मृत साठ्यातून वजा केलं तरी खाली साडेएकतीस टीएमसी उरतं. एक टीएमसी म्हणजे सुमारे 2,832 कोटी लिटर. हिशेब पुढे नेला तर आणखी गंमत कळते. उजनीचा तळ खरोखर उघडा पडायचा असेल तर आकडा उणे 119 टक्क्यांच्या जवळ जावा लागेल.

शून्य कुणी आणि कुठे ठरवलं, टक्के कशाचे, हे न विचारताही वजाबाकीचं गणित सुटतं. पण ‘आमचं धरण उणे 60 टक्के आहे’ या वाक्यापुढचं वाक्य लिहायला घेतलं की मूल अडतं आणि त्याला विचारावंच लागतं. गणिताच्या शिक्षकांनी निबंध द्यावा तो याचसाठी. भाषा सुधारली तर तो वरचा फायदा.

‘खेड्यातल्या पोरांकडे लिहायला विषय कुठून येणार?’

मायकेल फॅरेडेने लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांपुढे एका साध्या मेणबत्तीवर अख्खी व्याख्यानमाला दिली होती. माढ्यात तर मेणबत्तीपर्यंतही जायला नको.

रब्बीची ज्वारी पाऊस सरता सरता पेरतात आणि ती बरीचशी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर येते. ही माती ओली झाली की फुगते, सुकली की भेगाळते, आणि त्या भेगांतून ओल उडून जाते. म्हणून शेतकरी कोळपणी करतो. ‘एक कोळपणी, अर्धं पाणी’ हे वाक्य मुलांनी घरी दहादा ऐकलेलं असतं. विज्ञानाच्या पुस्तकात केशाकर्षण असतं, दिव्याच्या वातीत तेल चढतं ते. मातीतल्या बारीक नळ्यांतून ओलही तशीच वर येते. कोळप्याने वरचा थर मोडला की त्या नळ्या तुटतात, आणि मोकळ्या मातीने भेगाही बुजतात. ‘आजोबा पाऊस नसताना रान का कोळपतात?’ हा विषय फळ्यावर लिहून तर बघा. वर्गात एरवी गप्प बसणारा पोरगाच आधी बोलायला लागेल.

याच तालुक्यातल्या कुर्डुवाडीच्या मुलांना रेल्वे आहे. तिथली बार्शी लाइट रेल्वे 1897 साली सुरू झाली. तिचे रूळ अडीच फूट अंतरावर होते आणि वजनालाही हलके. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या अभियंत्याने गाडीचा भार सगळ्या आसांवर सारखा, प्रत्येकी पाच टनांच्या मर्यादेत वाटला. त्यामुळे हलक्या रुळांवरूनही जड माल जाऊ शकला. बल आणि भार या धड्याला याहून जवळचं उदाहरण कुठलं? उसाचा उतारा आणि शेकडेवारी हाही असाच जोडविषय. सव्वादहा टक्के उताऱ्याने एका टनाला किती किलो साखर, हे बापाला तोंडपाठ असतं.

‘पाठ केलेल्या निबंधाला मार्क मिळतात.’

मिळतात, खोटं कशाला बोला. पण दहावीच्या कृतिपत्रिकेत आता प्रसंगलेखन, आत्मकथन आणि वैचारिक लेखन असतं, सोबत मुद्दे किंवा सूचना दिलेल्या असतात. पाठ केलेला मजकूर त्यात ठाकूनठोकून बसवावा लागतो आणि तपासणाऱ्याला ते लगेच कळतं.

‘आता क्यूआर कोड आलेत, लिहायचं कशाला?’

हा समज माढ्यात तरी नसावा. याच तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. त्यांचे पुस्तकातले क्यूआर कोड सगळ्यांच्या लक्षात राहिले. त्यामागची दुसरी गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. शाळेतल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती, म्हणून डिसले यांनी स्वतः कन्नड शिकून धडे त्या भाषेत नेले. कोड नंतरचा, आधी धडा घरापर्यंत पोचवणं होतं. उलट बाजूचं उदाहरणही आपल्याकडेच आहे. 2023-24 पासून राज्याच्या पाठ्यपुस्तकांत नोंदींसाठी कोरी पानं घातली गेली आणि 2025मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. नुसत्या पानांनी मूल लिहितं होत नाही. त्याला आधी प्रश्न द्यावा लागतो.

‘असले निबंध तपासायचे कसे?’

ही अडचण खरी आहे. शिक्षकांच्या हातात वेळ थोडा असतो आणि वह्यांचा ढीग मोठा. मग पहिल्या वाचनात तीनच गोष्टी पाहाव्यात. आकडा कशाचा ते लिहिलंय का, एकक बरोबर आहे का, आणि मुलाने स्वतः पाहिलेली किंवा घरच्यांना विचारलेली एक तरी गोष्ट आत आहे का. ऱ्हस्वदीर्घ दुसऱ्या वाचनात. कोळपणीचा निबंध विज्ञानाच्या आणि मराठीच्या शिक्षकांनी वाटून तपासला तर एकाच वहीत दोघांचं काम होतं. ‘उणे 60 टक्के म्हणजे धरणात पाणीच नाही’ असं एखाद्याने लिहिलं, तर लाल फुली मारू नये. शेजारी एवढंच लिहावं: ‘मग उजनीतून सोलापूरला गेलेलं पाणी कुठून आलं?’ आणि वही परत द्यावी.