सुगंधाची बाटली उंच फळीवरच
पावसाळ्यातला कुबट वास झाकण्यासाठी अनेक जण घरीच रीड डिफ्युझर करतात. अरुंद तोंडाच्या बाटलीत बदाम तेल, त्यात निलगिरी किंवा गवती चहाचे सुगंधी तेल आणि वेताच्या काड्या, एवढे पुरते. वेतातील सूक्ष्म नलिकांतून तेल केशाकर्षणाने वर चढते व सुगंध हवेत पसरतो. बांबूच्या काडीत पेरांमुळे ही वाट अडते.

मात्र, नुसते निलगिरी तेल चमचाभर पोटात गेले, तरी लहान मुलाला गुंगी किंवा झटके येऊ शकतात. अशा वेळी उलटी करवू नये. तेल फुप्फुसात शिरू शकते. बाटली सोबत घेऊन मुलाला तातडीने रुग्णालयात न्यावे. घरात रांगते मूल असेल, तर तेल आणि डिफ्युझर दोन्ही उंच फळीवर ठेवावेत. दम्याचा रुग्ण असेल, तर डिफ्युझर टाळलेलाच बरा.