बारा तासांची नोकरी

फ्रान्समधल्या सरकारी शाळेत इंग्रजीची भाषा-सहाय्यक म्हणून नेमणूक होते, तेव्हा कागदावर आठवड्याला 12 तास लिहिलेले असतात. मुदत बहुतेकांची सात महिने, 1 ऑक्टोबर ते 30 एप्रिल. ही योजना 1905 सालची. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा आलियाँस फ्राँसेझमध्ये फ्रेंच शिकणाऱ्यांना ती ठाऊक असते. मला मिळाली ती क्लेरमाँ-फेराँ विभागातली एक लिसे, म्हणजे आपली दहावी ते बारावी.

सुरुवातीचे दिवस कागदांचे. शाळेच्या कचेरीत रुजू झाल्याच्या कागदावर सही होते, आणि ती झाल्याशिवाय पगाराची फाइल हलत नाही. पगारासाठी बँक खातं लागतं, खात्यासाठी राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो आणि खोली देणारा पगाराचा कागद मागतो. व्हिसाची ऑनलाइन नोंद तीन महिन्यांच्या आत करावी लागते, ती वेगळीच. इथून निघणाऱ्याने पहिल्या पगारापर्यंत पुरतील एवढे पैसे जवळ ठेवावेत, हे मी प्रत्येकाला सांगते.

मग स्टाफरूम. भिंतीवरच्या खणांमध्ये एकावर आपल्या नावाची चिठ्ठी लागते, फोटोकॉपीचा कोड मिळतो, कँटीनचं कार्ड मिळतं. पन्नाशीच्या शिक्षिका पहिल्याच भेटीत ‘तू’ म्हणतात आणि आपणही तसंच म्हणावं असा आग्रह धरतात. पुण्यात बाईंना एकेरी हाक मारण्याचा विचारही न केलेली माझी जीभ वळायला वेळ लागला. विद्यार्थी मात्र मला ‘तुम्ही’च म्हणायचे.

पहिला आठवडा मागच्या बाकावर बसून वर्ग बघण्यात जातो. हा आठवडा मागून घ्यावा, इतका तो मोलाचा असतो. मुलं व्याकरण चोख लिहीत होती, उतारे नीट वाचत होती, पण बोलायची वेळ आली की माना खाली जायच्या. तिथे गुण 20 पैकी देतात आणि मुलांना प्रत्येक अर्ध्या गुणाचा हिशेब ठाऊक असतो. चुकीचं वाक्य तोंडातून निघालं तर गुणही जाणार आणि वर्ग हसणार, मग बोलायचं कशाला?

सहाय्यकाचं खरं बळ इथेच आहे. वर्गाची जबाबदारी शिक्षकाची, गुण देणं हे आपलं काम नाही. सहा-आठ मुलं बाजूच्या छोट्या खोलीत येतात, दार बंद होतं आणि चुकण्याची किंमत शून्यावर येते. तरीही ती लगेच बोलत नाहीत. भारताबद्दल मी सांगितलं की ती मन लावून ऐकायची, आणि ऐकतच राहायची. त्यांना ठाऊक आहे आणि मला खरोखरच माहीत नाही असं काही विचारलं की मात्र तोंडं उघडायची. सुटीत या गावात काय करायचं? कँटीनमध्ये चीज गोडाच्या आधी का घेतात?

एकदा मी विचारलं, क्लेरमाँचं कॅथेड्रल काळं का? एरवी गप्प असणारा एक मुलगा उठला आणि हातवारे करत, क्रियापदांचे काळ सोडून देत, लाव्हाच्या दगडाबद्दल बोलू लागला. व्होल्विकच्या खाणीतून तो दगड येतो, आजूबाजूचे डोंगर ज्वालामुखींचे आहेत. मी म्हटलं, आमचा सह्याद्रीही लाव्हाचाच, किल्ल्यांचे तटही काळ्या दगडाचे. त्याने लगेच विचारलं, तुमचे ज्वालामुखी झोपलेत की मेलेत? आमचे 6 कोटी वर्षांपूर्वीच थंडावले, त्यांचे काही हजार वर्षांपूर्वी जागे होते. पुढचा पाऊण तास मला फारसं बोलावं लागलं नाही.

अभ्यासक्रमात ‘खाजगी जागा आणि सार्वजनिक जागा’ असा एक विषय होता. मी वाड्याच्या ओट्याचा फोटो दाखवला आणि एवढंच विचारलं, ही जागा कोणाची? घरमालकाची, रस्त्याची, की बसेल त्याची? दोन मुली तावातावाने भांडल्या, इंग्रजीतून. शब्द अडला की त्या माझ्याकडे बघायच्या, मी तो फळ्यावर लिहायचे आणि भांडण पुढे चालायचं.

उच्चारांची काळजी बऱ्याच भारतीयांना असते. इंग्रजीचा सहाय्यक म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर लंडन किंवा न्यूयॉर्क येतं, आणि आपला ट, ड त्यांना वेगळा ऐकू येतो. मला तो लपवावासा वाटला नाही. ही मुलं पुढे बंगळूरच्या, नैरोबीच्या, सिंगापूरच्या माणसांशी इंग्रजीतच बोलणार आहेत, त्या कानांची तयारी शाळेतच व्हायला हवी. माझ्या मार्गदर्शक शिक्षिकेचंही हेच मत होतं. ऑक्टोबरअखेरच्या दोन आठवड्यांच्या सुटीनंतर त्यांनी माझा आवाज ध्वनिमुद्रित करून घेतला, माझ्या वाट्याला न आलेल्या वर्गांच्या श्रवण-सरावासाठी. मजकूर मीच निवडावा म्हणाल्या. मी पुण्याच्या सिटी बसमधल्या गर्दीचा निवडला, आणि त्यावरचे प्रश्न बारावीच्या मुलांनी काढले.