उडी चुकली? पुन्हा मारा!

‘काय मेलं दिवसभर बटणं बडवायची!’ व्हिडीओ गेम म्हटलं की आपल्या तोंडून हेच निघतं ना, मैत्रिणींनो? पण एकदा मुलांशेजारी बसून नीट बघा. नुसती उडी मारण्यातसुद्धा केवढं कसब असतं!

टीव्हीला जोडायच्या त्या जुन्या डब्यावर मारिओ खेळला असाल, तर बोटांना अजून आठवत असेल. बटण टिचकीसारखं दाबलं की छोटी उडी, दाबून धरलं की उंच. धावत येऊन मारली तर आणखी लांब. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा १९८५ सालचा जपानी खेळ. त्याआधी, १९८१ च्या ‘डाँकी काँग’मध्ये, हाच गडी एकदा उडाला की हवेत दिशा बदलता येत नसे. १९९६ मध्ये तर तो भिंतीवर पाय देऊन उलटा उसळायलाही शिकला.

मला मात्र आवडली ती २०१८ सालच्या ‘सेलेस्ट’ची नायिका, मॅडलिन. एकटी डोंगर चढायला निघालेली. (राजकन्येला सोडवायला कुणी येतंय, असली भानगड नाही!) उडी, भिंतीला धरून चढणं आणि हवेतली एक झेप, एवढंच तिच्या हाती. भिंतीला फार वेळ लटकलं की दम संपतो. झेप एकदा वापरली की जमिनीला पाय टेकेपर्यंत पुन्हा मिळत नाही. पट्टीचे खेळाडू यातही युक्ती काढतात. तिरकी झेप खाली जमिनीवर घ्यायची आणि टेकता टेकता उडी मारायची. झेप परत मिळते, वेगही वाढतो! याला म्हणतात ‘वेव्हडॅश’. बोटं वळायला वेळ लागतो हं.

गंमत म्हणजे हा खेळ कठीण असूनही मायाळू आहे. कड्यावरून पाऊल सुटल्यावर सेकंदाच्या साधारण दहाव्या हिश्शात बटण दाबलं, तरी उडी मान्य! कार्टूनमधला कोल्ह्यासारखा कोयोटी कडा संपल्यावरही क्षणभर हवेत राहतो ना, त्यावरून याला ‘कोयोटी टाइम’ म्हणतात. खेळणाऱ्याला ही सवलत कळतही नाही. तिला वाटतं, आपल्यालाच जमलं.

मॅडलिनच्या मनात मात्र सतत भीती. एकदा रोपवे मध्येच अडकतो आणि तिची छाती धडधडते, श्वास घेता येईना होतो. सोबतचा मित्र म्हणतो, डोळ्यांसमोर एक पीस आण, श्वासावर तरंगव. तेव्हा उड्या बंद! आपणही बटण हळूच दाबत, सोडत ते पीस तरंगत ठेवायचं. असा जीव घाबरा झालेला आपल्यातल्या कितीजणींनी घरात कुणाला सांगितलाय?

या खेळात शेकडो वेळा पडायला होतं आणि दर वेळी लगेच जवळच पुन्हा उभं राहता येतं. अगदीच जमेना तर ‘असिस्ट मोड’ लावायचा. वेग कमी करता येतो, दम न संपेल अशी सोय करता येते. लेकीला सांगा, ती लावून देईल.