दाबाखालचा प्राणवायू आणि नातवंडाची आस

लग्नाला काही वर्षे लोटली आणि घरात पाळणा हलला नाही, की ज्येष्ठांचा जीव कासावीस होतो. आगरदांडा-मुरूड किनाऱ्यावरील अशा घरांतून अलीकडे एक प्रश्न विचारला जातो: मुंबईला जाऊन उच्चदाब प्राणवायूचा उपचार घेतला तर सुनेला मूल होईल का? त्यासाठी ठेव मोडावी का?

समुद्राशी नाते असणाऱ्यांना हा उपचार समजणे अवघड नाही. पाण्यात दर १० मीटर खोलीला एका वातावरणाइतका दाब वाढतो. बंद कक्षात साधारण दोन ते अडीच पट दाब निर्माण करून रुग्णाला शुद्ध प्राणवायू देतात. तो रक्तद्रवात अधिक प्रमाणात विरघळून ऊतींपर्यंत पोहोचतो. पाणबुड्यांचा दाबविकार, कार्बन मोनॉक्साइडची विषबाधा, मधुमेहींच्या पायाच्या काही चिवट जखमा यांसाठी तो मान्यताप्राप्त आहे. वंध्यत्व मात्र त्या यादीत नाही.

मग ही आशा आली कोठून? २००६ साली बेलग्रेडच्या डॉक्टरांनी कारण न सापडलेल्या वंध्यत्वाच्या ३२ स्त्रियांना हा उपचार दिला आणि गर्भाशयाच्या अस्तरात सुधारणा नोंदवली. परंतु अस्तर सुधारणे म्हणजे कूस उजवणे नव्हे. इतक्या थोड्या स्त्रियांवरून सर्वांसाठी निष्कर्षही काढता येत नाही. बंद गर्भनलिका प्राणवायूने उघडत नाही, वयाने घटलेली स्त्रीबीजे परत येत नाहीत.

येथे पैशापेक्षा काळ अधिक मोलाचा आहे. वर्षभर, आणि स्त्रीचे वय ३५ च्या पुढे असल्यास सहा महिने, प्रयत्न करूनही दिवस न राहिल्यास पतिपत्नी दोघांचीही तपासणी करावी. वीर्यतपासणी सर्वांत सोपी. नेमकी तीच टाळली जाते. सुनेची थायरॉइड, बीजनिर्मिती व गर्भनलिका तपासाव्यात. आपल्या देशात जननमार्गाचा क्षयरोगही विसरून चालत नाही. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

तरीही कोणी हा पूरक उपचार सुचविला, तर तीन गोष्टी विचाराव्यात: नेमके निदान काय? यामुळे मुख्य उपचार लांबणार का? एकूण खर्च किती? कान, सायनस वा फुप्फुसाचा विकार असल्यास तो आधीच सांगावा. दाबामुळे कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते.

ज्येष्ठांनी ठेव मोडण्याआधी एवढेच करावे: सुनेला दोष न देता मुलालाही तिच्यासोबत तपासणीस पाठवावे.