मज्जारज्जूतील उरलेला सेतू

गोंदियाच्या राईस मिलमध्ये पोत्यांच्या थप्पीवरून हमाल कोसळला आणि पाय हलेनासे झाले, की घरचे व मालक एकच विचारतात : हा पुन्हा चालेल काय? एमआरआय याचे उत्तर अंशतः देतो. मज्जारज्जूत रक्तस्राव दिसल्यास आशा कमी. केवळ सूज असल्यास अधिक. इजेलगत शाबूत राहिलेल्या ऊतींच्या पट्ट्याला ‘सेतू’ म्हणतात. झुरिच, मुर्नाऊ व डेन्व्हर येथील मानेच्या इजेच्या 227 रुग्णांचा अभ्यास 2024 साली प्रसिद्ध झाला. सेतू रुंद, तितकी सुधारणा अधिक, असे त्यात आढळले. ही चित्रे मात्र इजेनंतर काही आठवड्यांनी काढलेली होती. पहिल्याच चित्रावरून व्यायामोपचार सोडणे घाईचे होय. आणि पडलेल्यास हातपाय धरून उचलले, तर वाचलेला सेतूही तुटू शकतो. मान-पाठ न हलवता फळीवरूनच न्यावे.